पेटंटवाले भिसे: डोकं एक, धंदे अनेक!

माहीत आहे का? एडिसनच्या नावावर अमेरिकेतली १०९३ पेटंट्स होती. ठीक आहे, हे क्विझवाल्या पोरांना पाठच असतं. पण ‘भारताचे एडिसन’ म्हणून ज्यांचं नाव झालं, ते चक्क मुंबईकर मराठी होते!

शंकर आबाजी भिसे. जन्म १८६७. शोध सुमारे २००, पेटंट्स सुमारे ४०. इंजिनिअरिंगची डिग्री? नाही हो, सगळा मामला स्वयंशिक्षित!

चौदाव्या वर्षी पठ्ठ्यानं घरीच कोळशापासून गॅस काढणारं यंत्र बनवलं. घरच्यांचं काय झालं असेल, देव जाणे.

लंडनच्या एका मासिकानं स्पर्धा लावली: किराणा तोलून देणारं यंत्र बनवा. पहिला नंबर? भिशांचा! एंट्रीच एवढी वजनदार. मग स्वारी लंडनला, खिशात काँग्रेस नेते दिनशा वाच्छांचं शिफारसपत्र. पत्र कोणासाठी? थेट दादाभाई नौरोजींसाठी!

तिथे विजेवर झळकणारं जाहिरातीचं यंत्र काढलं. नाव व्हर्टोस्कोप. ते क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहात झळकलंसुद्धा.

आता खरी खिळवून ठेवणारी गोष्ट. तेव्हा छपाई म्हणजे शिशाचे खिळे. एकेक अक्षर ओतायचं, मग जुळाऱ्यानं ते उचलून ओळीत लावायचं. हे काम सुसाट व्हावं म्हणून भिशांनी यंत्र काढलं: मिनिटाला १२०० खिळे! म्हणजे सेकंदाला २०. तुम्ही मोबाइलवर ‘हाय’ टाइप करेपर्यंत इकडे आख्खं वाक्य ओतून तयार. टाटांनी पैसा लावला, तरी बाजारात हे यंत्र काही फळलं नाही. आमच्या मते भिशांचा सगळ्यात भारी शोध हाच, आणि नशिबानं दगा दिला तोही इथेच.

मग गडी खचला? छे! कपडे धुण्याचं मिश्रण बनवलं आणि त्याचे हक्क विकून मोकळा.

औषधाचा किस्सा तर भन्नाट. स्वतः आजारी पडले, एका औषधानं बरे झाले. दुसरा कुणी असता तर बाटली फेकून दिली असती. यांनी त्यात काय आहे ते तपासून घेतलं! निघालं आयोडीन. त्यातून आधी ‘बेसलीन’ आलं, पुढे ‘अ‍ॅटोमिडीन’.

आणि १९३० मध्ये भिसे भेटले कोणाला, माहीत आहे का? साक्षात एडिसनला! पुढच्या क्विझमध्ये हा प्रश्न बिनधास्त टाका.