गालफडातला बार आणि जनुकांची कात्री

2012 साली आमच्या शहराचं नाव औरंगाबाद होतं. त्या वर्षी इथं शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं, राज्यात गुटखाबंदी आली आणि जूनमध्ये जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पेंटिये यांचा डीएनए कापणाऱ्या क्रिस्पर-कॅस9 या जनुक-कात्रीवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मराठवाड्यातून पाहिलं तर या तिन्ही गोष्टी एकाच जागी येऊन मिळतात: गालफडात. चुना लावून मळलेला तंबाखूचा बार जिथं तासन्‌तास धरून ठेवतात, त्या गाल-हिरडीच्या बेचक्यात उठणारा कर्करोग पाश्चात्त्य देशांत फारसा दिसत नाही. त्याचा छडा आपणच लावायला हवा होता.

2013 मध्ये सुरुवात झाली. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आणि कल्याणीची जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था यांनी 50 रुग्णांच्या गाठींतली जनुकं वाचली, आणखी 60 जणांत पडताळली. टीपी53, कॅस्प8 ही ओळखीची नावं निघालीच. यूएसपी9एक्स, एआरआयडी2 अशी नवीही निघाली. पण बिघडलेलं जनुक सापडलं म्हणजे रोगाचं कारण सापडलं असं होत नाही. तंबाखूनं जागोजागी ओरखडे काढलेले असतात. त्यातला जीवघेणा कोणता, हे नुसतं वाचून कळत नाही.

तिथं क्रिस्पर-कॅस9 ची कात्री कामी आली. सुमारे 20 अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए कॅस9 ला नेमक्या जागी नेतो, कॅस9 डीएनए तोडतं, पेशी तो घाईघाईनं सांधते आणि त्या गडबडीत एखाददुसरं अक्षर गळून जनुक निकामी होतं. 2014 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच प्रयोगात हजारो जनुकं, एका पेशीत एक अशी, बंद करून दाखवली. मग कोणत्या पेशी संपल्या आणि कोणत्या फोफावल्या, एवढं मोजायचं.

त्यासाठी पेशी जगवता यायला हव्यात, आणि मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. 1960 च्या दशकात मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात कमल रणदिवे यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन (शरीराबाहेर पेशी वाढवण्याची) प्रयोगशाळा उभी केली. पण पेशी आपल्याच रुग्णांच्या हव्यात: परदेशातल्या सिगारेट ओढणाऱ्याच्या पेशी कितीही तपासल्या तरी आपल्या बाराचं कोडं सुटणार नाही. 2019 मध्ये अ‍ॅक्ट्रेकनं गाल-हिरडीच्या गाठींपासून वाढवलेल्या आयटीओसी-03 आणि आयटीओसी-04 या दोन पेशीमालिका जगापुढे ठेवल्या. त्यांत पीआयके3सीए या जनुकातला बिघाडही सापडला. ते जनुक बंद केलं तर पेशी मरते का, हे आता आपल्याच रुग्णाच्या पेशीला विचारता येतं.