विद्यापीठाचे खेळ कोणासाठी?

विद्यापीठ हा शब्द उच्चारला की ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवीदान-समारंभ या गोष्टी आपल्या मनात येतात. क्रीडांगण सहसा येत नाही. आणि आलेच तर ते वर्तमानपत्रात छापलेल्या एका छायाचित्राच्या रूपाने येते. मध्ये चषक, भोवती अकरा तरुण आणि कडेला गुरुजी. या अकरांच्या पलीकडे जे शेकडो, हजारो विद्यार्थी त्याच संस्थेत शिकत असतात, त्यांचा खेळाशी संबंध तो काय? आमच्या शाळेतील वरच्या वर्गांचे विद्यार्थी आज ना उद्या महाविद्यालयाची पायरी चढणार आहेत. यास्तव विद्यापीठातील खेळांची व्यवस्था कशी असते, ती कशासाठी असते आणि तिचे खरे माप कोणते, याचा थोडा विचार त्यांच्यापुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या नागपूरचेच उदाहरण घेऊ. नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. त्यापूर्वी येथील महाविद्यालये अलाहाबाद विद्यापीठास जोडलेली होती. सर बिपिन कृष्ण बोस हे आपल्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. आरंभी त्यास जोडलेली महाविद्यालये अवघी सहा, आणि विद्यार्थी ९२७! आज एखाद्या मोठ्या शाळेत याहून अधिक मुले असतात. तथापि संख्येने लहान असलेले हे विद्यापीठ विस्ताराने लहान नव्हते. मध्यप्रांत व वऱ्हाड हा सारा मुलूख त्याच्या कक्षेत होता. नागपूरचे हिस्लॉप व मॉरिस, अमरावतीचे किंग एडवर्ड आणि जबलपूरचे रॉबर्टसन ही महाविद्यालये एकाच छत्राखाली नांदत होती. जबलपूरहून गोंदियामार्गे नागपुरास यावयाचे तर सातपुड्यातून अरुंद रुळांच्या गाडीने उतरावे व गोंदियास गाडी बदलावी, असा तो प्रवास होता. सामना एक दिवसाचा असला तरी प्रवासाचा शीण त्याहून मोठा!

आता थोडे गणित करू. या सहा महाविद्यालयांनी क्रिकेटचा एकेक संघ उभा केला असे धरले, तर खेळाडू झाले सहासष्ट. म्हणजे ९२७ विद्यार्थ्यांत दर चौदांमागे एक जण आपल्या महाविद्यालयाच्या बाजूने मैदानात उतरणार. हॉकी व फुटबॉल यांचेही संघ निराळ्या मुलांचे असतील, तर ही संख्या १९८ होते. म्हणजे पाचांत एकाहून अधिक. उलट, आजच्या काळातील तीन हजार विद्यार्थ्यांचे एकच महाविद्यालय कल्पनेत आणा. त्याचाही क्रिकेटचा संघ अकरांचाच! तेथे सुमारे पावणेतीनशेंत एकाच्या वाट्यास ती संधी येते. विद्यार्थी वाढतात, महाविद्यालये वाढतात. परंतु संघातील जागा मात्र वाढत नाहीत. मोठ्या संस्थेत उत्तम खेळाडू अधिक निपजतील हे खरे; पण साधारण मुलाच्या हाती चेंडू लागण्याचा संभव लहान संस्थेतच अधिक, हेही तितकेच खरे. या एका गोष्टीत खेळांच्या साऱ्या व्यवस्थेचे मर्म आहे, असे आम्हांस वाटते.

ही व्यवस्था एखाद्या जिन्यासारखी असते. पहिली पायरी म्हणजे महाविद्यालयाच्या आतील, वर्गावर्गांचे सामने. दुसरी पायरी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची. त्यांत ज्यांचा खेळ उठून दिसतो त्यांची निवड करून विद्यापीठाचा संघ बनतो. विद्यापीठाच्या संघातून खेळणे हा मोठा मान समजला जातो, आणि त्याचा रंगीत कोट अंगावर घालून मिरवणारा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात सर्वांच्या ओळखीचा होतो. तिसरी पायरी आंतरविद्यापीठ सामन्यांची. मुंबईच्या बारिया कुटुंबाने रोहिंटन या आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या करंडकासाठी विद्यापीठांचे क्रिकेट-सामने १९३५-३६ साली सुरू झाले. पुढे १९४०-४१ मध्ये सर्व विद्यापीठांच्या खेळांचा मेळ घालण्यासाठी स्वतंत्र मंडळ निघाले. आज हे कार्य भारतीय विश्वविद्यालय संघ पाहतो. देशाचे पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण असे विभाग पाडलेले असून नागपूर पश्चिम विभागात मोडते. वर्षभरात खेळांत सर्वांहून सरस ठरणाऱ्या विद्यापीठास १९५६-५७ पासून मौलाना आझाद यांच्या नावाचा चषक देण्यात येतो.

जिना उत्तम बांधलेला आहे; परंतु जिन्याची शोभा वरच्या पायरीवरून पाहणाऱ्यासच दिसते. चषकासाठी मोजतात ते विजय. किती मुले खेळली हे कोणी मोजीत नाही. म्हणून ज्या संस्थेस केवळ चषक हवा असतो ती बाहेरून तयार खेळाडू शोधून आणते, त्यांस सवलती देते आणि उरलेल्या मुलांस कठड्याबाहेर उभे करून टाळ्या वाजवावयास लावते. टाळ्या वाजवून कोणाची छाती रुंद होत नाही.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. थोर खेळाडू हे विद्यापीठामुळेच होतात असे मुळीच नाही. भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नायक कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म नागपुरातच १८९५ साली झाला, आणि त्यांचा खेळ याच शहराच्या मैदानांवर घडला. ज्या साली आपले विद्यापीठ निघाले त्याच १९२३ साली ते होळकरांच्या आश्रयास इंदुरास गेले. पुढे १९२६ साली मुंबईस इंग्लंडहून आलेल्या संघाविरुद्ध त्यांनी अकरा षटकारांसह १५३ धावा काढल्या, आणि १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचे नेतृत्व केले. असा प्रतिभावान पुरुष राजाश्रयाने, लोकाश्रयाने किंवा स्वतःच्या हिमतीने पुढे येतोच. विद्यापीठाचे काम निराळे आहे. ज्यास राजाश्रय मिळणार नाही, ज्याचे नाव वर्तमानपत्रात कधी छापले जाणार नाही, अशा साधारण मुलास निरोगी शरीर, सहकाऱ्यांवरील विश्वास आणि पराभव पचविण्याची ताकद देणे, हे ते काम होय.

लहान संस्थेच्या अंगी आणखी एक गुण असतो. तेथे गुरुजन विद्यार्थ्यास नावाने ओळखतात. याचे उत्तम उदाहरण कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाने घालून दिले आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव तेथे शिकत असता कुस्तीत नाव मिळवीत होते. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस जावयाचे, तर पैशांची अडचण आडवी आली. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली, आणि महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास व्यक्तिगत खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक! त्या प्राचार्यांस आपला विद्यार्थी कोण, त्याच्या अंगी काय आहे आणि त्यास काय उणे आहे, हे ठाऊक होते. अशी ओळख नुसत्या नोंदवहीने होत नाही.

परंतु सर्वांस खेळता यावे असे म्हणणे सोपे; मैदान कोठून आणावे? नागपूरकरांस ही अडचण सांगावयास नको. मार्गशीर्ष-पौषातील दिवस खेळास उत्तम. पण वैशाखात येथील पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा दुपारी मैदानाकडे पाहवतही नाही. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटते, आणि उन्हाळ्यात तिलाच भेगा पडतात. मैदान नीट करावयाचे तर तिच्यावर मुरूम पसरून, पाणी मारून, रूळ फिरवावा लागतो. म्हणून आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची धांदल पावसाळा सरता सरता सुरू होते व परीक्षेची चाहूल लागेपर्यंत संपते. वर्षाचे बारा महिने असले तरी मोकळेपणी खेळावयाचे महिने चार-पाचच.

या अडचणीवरील उपाय आपल्याच मातीत आहे. खो-खोच्या मैदानाची लांबी २७ मीटर व रुंदी १६ मीटर; पुरुषांच्या कबड्डीस तर १३ मीटर लांब व १० मीटर रुंद जागा पुरते. क्रिकेटच्या एका मैदानात अशी किती तरी मैदाने आखता येतील, आणि बावीस जणांच्या जागी शेकडो मुले एकाच वेळी घाम गाळतील. खर्च म्हणावा तर खो-खोस दोन खांब व चुन्याच्या रेघा, कबड्डीस नुसत्या रेघा. मल्लखांब, लेझीम, आट्यापाट्या हेही असेच अल्पखर्ची व बहुगुणी. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हे ओळखले होते. अमरावती तेव्हा नागपूर विद्यापीठाच्याच क्षेत्रात होती. या मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी आपले देशी खेळ जगास करून दाखविले. वऱ्हाडातील एका व्यायामशाळेची ही मजल! विदेशी खेळ टाकावेत असे आमचे म्हणणे नाही. फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉल हे खेळ आता आपलेच झाले आहेत. म्हणणे एवढेच की, जागा थोडी व मुले फार असता, जो खेळ अधिकांस सामावून घेतो त्यास अग्रमान द्यावा.

आता पालकांशी दोन शब्द. ‘‘खेळात मुलगा गुंतला म्हणजे अभ्यास बुडाला,’’ ही भीती आम्ही वारंवार ऐकतो, आणि ती निराधार आहे असे म्हणणार नाही. ज्या मुलास दिवसाचे चार तास मैदानात व उरलेले खेळाच्या गप्पांत घालवावयाचे आहेत, त्याचा अभ्यास बुडेलच. पण दोष खेळाचा नव्हे, वेळेच्या हिशेबाचा. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनी १९२६ साली त्याच परदेशी संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीला टेकले होते. वर्गात संस्कृत आणि मैदानात क्रिकेट यांचे त्यांच्या ठायी कधी भांडण झाले नाही. आणि १९९३ साली त्यांचे देहावसान झाले ते वयाची शंभरी ओलांडल्यावर!

दुसरी एक भूल याच्या उलट दिशेची आहे. खेळाडूंस परीक्षेत वाढीव गुण मिळतात, महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत पाच टक्के जागा त्यांच्यासाठी राखून ठेविल्या आहेत, म्हणून काही पालक मुलास मैदानात ढकलतात. सवलती योग्यच आहेत; परंतु केवळ प्रमाणपत्रासाठी खेळणारा मुलगा प्रमाणपत्र हाती पडताच खेळ सोडतो. ज्याने आनंदासाठी खेळ धरला तो चाळिसाव्या वर्षीही सकाळी फिरावयास निघतो.

मुलींच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. विद्यापीठ निघाले तेव्हा महाविद्यालयात जाणाऱ्या मुली फारच थोड्या होत्या. नागपुरात १९३२ साली स्त्रियांसाठी स्वतंत्र महाविद्यालय निघाले, आणि आज मुली प्रत्येक खेळात उतरतात. तरीही अंधार पडण्यापूर्वी घरी आले पाहिजे, मैदानालगत कपडे बदलावयास जागा नाही, शिकवावयास कोणी बाई नाहीत, अशा कारणांनी पुष्कळ मुलींचा खेळ सुटतो. ही कारणे दूर करणे फार खर्चाचे नाही. त्यास लक्ष मात्र लागते.

१९२३ चे ते लहान विद्यापीठ आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचे नाव धारण करून उभे आहे. त्याच्या मूळ क्षेत्रातून सागर, जबलपूर, रायपूर, अमरावती व गडचिरोली येथे निरनिराळी विद्यापीठे झाली, तरी त्याचा विद्यार्थिवर्ग कितीतरी पटींनी वाढला आहे. मोठे झालेले घर पुन्हा लहान करता येत नाही. पण मोठ्या घरातही चुलीजवळ बसवून प्रत्येकास वाढता येते. वर्गावर्गांचे सामने भरवावेत, एका संघाच्या जागी चार संघ करावेत, सायंकाळी मैदान निवडलेल्यांप्रमाणेच न निवडलेल्यांसही मोकळे ठेवावे, म्हणजे मोठ्या संस्थेतही लहान संस्थेचा गुण उतरतो.

विद्यार्थी-मित्रहो, उद्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावयास जाल तेव्हा तेथील कपाटात किती चषक आहेत हे अवश्य पाहा; चषक मिळविणाऱ्यांनी घाम गाळलेला असतो. पण त्यानंतर आणखी तीन प्रश्न विचारा. येथे वर्गावर्गांचे सामने होतात काय? ज्याची निवड झाली नाही त्यास संध्याकाळी मैदानावर येऊ देतात काय? आणि व्यायाम शिकविणारे शिक्षक किती मुलांस नावाने ओळखतात? या प्रश्नांची उत्तरे ज्या ठिकाणी समाधानकारक मिळतील तेथे, तुमचा नेम चुकत असला किंवा धाव मंद असली तरी, तुमच्यासाठी जागा आहे असे खुशाल समजा. आणि तुम्ही स्वतः निवडलेल्या अकरांत असाल, तर आठवड्यातून एक संध्याकाळ कठड्याबाहेरच्या एखाद्या मुलास आत बोलवा व त्याच्या हाती चेंडू द्या.