नजरेत स्थिर दिसणारी जोडी

दरवर्षी ॲश वेन्सडेच्या आधीच्या गुरुवारी व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरामध्ये मोठा बॉल भरतो. त्यासाठी प्रेक्षागृहातल्या खुर्च्या काढतात आणि खालची जमीन रंगमंचाच्या पातळीला आणतात, म्हणजे दोन्ही मिळून एकच प्रचंड फ्लोअर तयार होतो. सुरुवातीला पांढऱ्या पोशाखातल्या तरुणी आणि काळ्या टेलकोटातले त्यांचे जोडीदार रांगा धरून वाल्ट्झ नाचतात, तोही डावीकडे गिरक्या घेत. ही तालीम करून बसवलेली गोष्ट असते. कोणी कुठून निघायचे आणि कुठे थांबायचे हे ठरलेले असते, त्यामुळे त्यात धडकेचा प्रश्न फारसा येत नाही. खरी गंमत पुढे सुरू होते. 'आलेस वाल्त्सर', म्हणजे आता सगळ्यांनी नाचा, अशी हाळी होते आणि पाहुणे फ्लोअरवर लोटतात. कोणाची तालीम झालेली नसते. कोणी चाळीस वर्षे नाचतो आहे, तर कोणी मागच्या महिन्यात क्लास लावला आहे. मध्यभागी उभा राहून शिट्टी वाजवणारा पोलीसही नसतो. तरीही हे सगळे एकमेकांवर आदळत नाहीत. निदान सारखे आदळत नाहीत.

पहिले श्रेय जाते दिशेला. जगभरच्या बॉलरूममध्ये पुढे सरकणारे नाच (वाल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप, टँगो) घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फ्लोअरभोवती फिरतात. आपल्या प्रदक्षिणेच्या बरोबर उलट. या वाटेला नाचणारे 'लाइन ऑफ डान्स' म्हणतात. वेगाने जाणाऱ्यांनी बाहेरच्या कडेने जायचे, सावकाश नाचणाऱ्यांनी आतून. रुम्बा किंवा चाचा करणाऱ्यांनी मधली जागा घ्यायची. या साध्या शिस्तीचा फायदा आकड्यांत पाहा. तुमची जोडी सेकंदाला दीड मीटर सरकते आहे, समोरची सव्वा मीटरच्या जरा आत, म्हणजे 1.2 मीटर, आणि मध्ये अंतर तीन मीटर. दोघी एकाच दिशेने जात असतील तर तुम्ही तिला गाठायला दहा सेकंद लागतात. त्याच दोन जोड्या समोरासमोर येत असतील तर अंतर सेकंदाला 2.7 मीटरने घटते आणि हातात जेमतेम 1.1 सेकंद उरतो. अंतर तेच, वेग तेच, धोका नऊपट.

आता या आकड्यांतली खरी मेख अशी की धोका अंतराने मोजता येत नाही, तो वेळेने मोजावा लागतो. गर्दीचे गणित मांडणाऱ्यांनाही हे उमगायला वेळ लागला. डर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार यांनी 1995 साली मांडलेल्या प्रसिद्ध प्रारूपात चालणारी माणसे एकमेकांना जणू ढकलतात, आणि जवळ येतील तसे हे ढकलणे वाढते. प्रारूप उपयोगी होते, पण रोजचा अनुभव त्यात पूर्ण बसेना. शेजारून चालणारा मित्र अगदी खांद्याला खांदा लावून आला तरी आपण अंग चोरत नाही. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी मात्र पाच-सहा पावले आधीच बाजूला होतो. कॅरामुझास, स्किनर आणि गाय या संशोधकांनी 2014 साली प्रत्यक्ष चालणाऱ्या माणसांच्या मार्गांच्या नोंदी तपासल्या. एकमेकांना टाळण्याची ओढ धडकेला उरलेल्या वेळेवर ठरते, असे त्यांना आढळले. तो वेळ निम्मा झाला की परिणाम चौपट होतो, आणि काही सेकंदांपलीकडच्या धडकेची माणूस फिकीरच करत नाही. वाल्ट्झमध्ये दोन जोड्या हातभर अंतरावरून निवांत शेजारी-शेजारी का जाऊ शकतात, याचे उत्तर यात आहे.

जवळिकीची सवय समाजागणिक बदलते, हेही मोजले गेले आहे. जर्मनी आणि भारतात एका लंबगोल वाटेवर माणसांना एकामागे एक चालवून केलेल्या प्रयोगांची तुलना 2009 साली प्रसिद्ध झाली. गर्दी वाढली की दोन्हीकडे वेग घटला, पण भारतीयांचा कमी घटला. लोकल ट्रेनने जाणाऱ्यांना त्यासाठी शोधनिबंधाची गरज नव्हती म्हणा.

उरलेला वेळ डोळ्यांना कळतो कसा? एडिंबरा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांनी 1976 साली त्याचे देखणे उत्तर दिले. समोरची वस्तू आपल्याकडे येते तेव्हा तिची प्रतिमा नजरेत फुगत जाते. त्या प्रतिमेच्या आकाराला फुगण्याच्या वेगाने भागले की धडकेला उरलेला वेळ मिळतो. वस्तू किती मोठी, किती दूर, कोणत्या वेगाची, यातले काहीही ठाऊक असण्याची गरज नाही. दिशेबाबत खलाशांचा जुना नियम आहे: दुसऱ्या जहाजाचा कोन बदलत नसेल आणि अंतर घटत असेल, तर टक्कर ठरलेली. फ्लोअरवरही तेच. नजरेतून डावी-उजवीकडे सरकणारी जोडी तुमच्या पुढून किंवा मागून निघून जाणार आहे. जी एकाच जागी स्थिर दिसते आणि नुसती मोठी होत जाते, तिच्यापासून सावध राहायचे. नवशिके नेमके उलटे करतात. जास्त हलणाऱ्याला भितात.

पण हा नियम बघणारा स्वतः गरगर फिरत नसेल तरच कामाचा, आणि व्हिएनीज वाल्ट्झ म्हणजे तर नुसती गरगर. त्यात मिनिटाला सुमारे साठ आवर्तने, प्रत्येकात तीन ठोके. दोन आवर्तनांत एक पूर्ण गिरकी. म्हणजे दर दोन सेकंदांना जोडी स्वतःभोवती एकदा फिरते आणि त्यातला जवळपास एक सेकंद लीड करणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते. तेवढ्यात जोडी दीड मीटर पुढे गेलेली असते, न बघता. त्यामुळे त्याला सलग चित्र मिळत नाही. मिळतात तुटक क्षणचित्रे. मागच्या गिरकीला ती हिरवी साडी कुठे होती, आता कुठे आहे, यावरून पुढच्या गिरकीला ती कुठे असेल हे ताडायचे. चांगला नाचणारा जोड्यांकडे बघतच नाही, असे मला वाटते. तो मधल्या पोकळ्यांकडे बघतो, आणि त्यातही आत्ता रिकाम्या असलेल्या नव्हे, दोन सेकंदांनी रिकाम्या होणाऱ्या.

ताडले तरी लगेच वळता येत नाही. एका पायावर वजन पडले की दुसरा पाय टेकेपर्यंत दिशा बदलायला वाव नसतो, आणि इथे तर दोन शरीरे एकत्र वळवायची असतात. नुसता दिवा लागलेला दिसून बटण दाबायलाही माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. व्हिएनीज वाल्ट्झचा एक ठोकाच सेकंदाचा तिसरा भाग. म्हणजे एका ठोक्यावर बघायचे, दुसऱ्यावर ठरवायचे, तिसऱ्यावर करायचे. संथ वाल्ट्झमध्ये ठोका दुप्पट लांब असल्याने श्वास घ्यायला जागा मिळते. तिथे 'हेझिटेशन' ही स्टेप आहे, ज्यात जोडी ठोके न चुकवता जागीच रेंगाळते. 'चेक'मध्ये पुढे टाकलेले पाऊल रोखून मागे घेता येते. क्लासमध्ये या गोष्टी शोभेच्या म्हणून शिकवल्या जातात, पण गर्दीत त्या ब्रेकचे काम करतात.

ब्रेकचेही दुष्परिणाम असतात. नागोया विद्यापीठातले युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी 2008 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 230 मीटर परिघाच्या वर्तुळात 22 मोटारी सारख्या अंतराने सोडल्या आणि चालकांना एकसारखा, तासाला 30 किलोमीटर वेग ठेवायला सांगितले. रस्त्यात अडथळा, सिग्नल, फाटा काहीही नाही. थोड्याच वेळात कोणीतरी किंचित हळू झाला, मागच्याने त्याहून जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी, आणि खोळंबा तयार झाला. मोटारी पुढे जात होत्या आणि खोळंबा तासाला सुमारे 20 किलोमीटर वेगाने मागे सरकत होता. बॉलरूमचा फ्लोअर हाही बंद वर्तुळाकार रस्ताच, वर त्याला चार कोपरे. कोपऱ्यावर वळताना जोडी हळू होते, तिथून तुंबण्याची लाट मागे जाते, आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या जोडीला विनाकारण थांबावे लागते. म्हणून गर्दीत सर्वांत त्रासदायक कोण, तर हळू नाचणारा नव्हे. आपल्याला येणारी सुंदर स्टेप पूर्ण केलीच पाहिजे या हट्टाने भर वाटेत थबकणारा किंवा उलटा येणारा. वेग कमी असला तरी चालतो. अंदाज लागला पाहिजे.

व्हिएन्नाचा बॉल होतो त्याच आठवड्याच्या शेवटी गोव्यात कार्निव्हल सुरू होतो आणि मंगळवारी पणजीत क्लुब नासिओनालच्या 'रेड अँड ब्लॅक' नाचाने संपतो. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांतही ग्रँड मार्च झाला की वाल्ट्झ येतोच. तिथल्या फ्लोअरवर मात्र आजोबा-आजींची घोटून आलेली पावले, काल शिकलेली भाची आणि पायांतून पळणारी पोरे, सगळे एकदम असतात. दिशेची शिस्त इथे सैल पडते, पण वेग मुळातच इतका कमी असतो की धडकेला उरलेला वेळ आपोआप वाढतो. एखादी धडक झालीच तर हसण्यावारी जाते.

राहिला प्रश्न चार डोळ्यांचा. बॉलरूमच्या पकडीत दोघेही एकमेकांच्या उजव्या खांद्यावरून, म्हणजे आपापल्या डावीकडे बघतात. लीड करणारा वाटेकडे तोंड करून असेल तर त्याला पुढची आणि फ्लोअरच्या मधल्या बाजूची जागा दिसते. त्याच्या जोडीदारणीला मागची आणि भिंतीकडची. मागून, आतल्या बाजूने कोणी पुढे काढत असेल तर तो दोघांनाही दिसत नाही, म्हणून सांभाळायची जबाबदारी मागच्याची. लीड करणारा उलटा चालत असेल तेव्हा तर तिचेच डोळे कामाचे. धोका दिसला की ती त्याचा खांदा हलकेच दाबते, आणि शहाणा लीडर कारण विचारत नाही, थांबतो. स्पर्धेत मात्र तिची मान डावीकडे मागे झोकलेली असते. रेषा देखणी दिसते, पण तिच्या नजरेला उरते छत आणि झुंबरे. ब्लॅकपूलच्या एम्प्रेस बॉलरूममध्ये, जिथे या नाचांचा मोठा महोत्सव 1920 पासून भरतो आहे, मुरलेल्या जोड्याही एकमेकींना धडकतात, त्याला हेही एक कारण असावे असा माझा तर्क आहे.

ब्युनॉस आयर्सच्या टँगोप्रेमींनी दुसऱ्या टोकाचा तोडगा काढला आहे. तिथल्या दाट भरलेल्या मिलोंगांमध्ये, म्हणजे टँगोच्या मैफलींमध्ये, छातीला छाती लावून नाचतात आणि फॉलो करणाऱ्या कित्येकजणी डोळे चक्क मिटून घेतात. जोडीला उरतात दोनच डोळे, तेही पुढे बघणारे. साहजिकच वाटेच्या उलट मागे पाऊल टाकणे हा तिथला मोठा अपराध, आणि ओळीतल्या जोडीला ओलांडून पुढे घुसणे त्याच्या खालोखाल. पहिल्यांदा चूक केली तर नुसते डोळे वटारले जातात. सारखी केली तर पुढच्या नाचासाठी नजर द्यायला कोणी तयार होत नाही, आणि तिथे नाचाचे आमंत्रण दिले जाते ते नजरेनेच.