तळहातातून जाणारा कण आणि ढगातले १३० कोटी व्होल्ट

सोयाबीनची काढणी आणि परतीचा पाऊस एकाच आठवड्यात आले की बीड जिल्ह्याच्या शिवारात दरवर्षीचीच धांदल उडते. दुपारपर्यंत उकाडा असतो, मग बालाघाटाच्या डोंगरावर काळे ढग चढतात आणि गंजी झाकायला ताडपत्रीची ओढाताण सुरू होते. टपोरे थेंब पडू लागले की माणसे जवळच्या कडुलिंबाखाली किंवा चिंचेखाली धावतात. अनेकदा घात होतो तो तिथेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात अलीकडच्या काही वर्षांत वीज पडून दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे दगावली आहेत.

डोक्यावरच्या त्या ढगात विद्युतदाब तरी किती असतो? स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी १९२०च्या दशकातच अंदाज बांधला होता, की मोठ्या वादळी ढगात हा दाब १०० कोटी व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. पण मोजणार कसा? फुगा किंवा विमान ढगाच्या एखाद्याच पट्ट्यातून जाते, अख्खा ढग त्यांच्या कवेत येत नाही. फुग्यांनी घेतलेल्या मोजमापांत आकडा १३ कोटी व्होल्टच्या आसपासच अडकला होता.

उत्तर मिळाले ते विजेचा अभ्यास करणाऱ्यांकडून नव्हे, तर कणभौतिकीच्या प्रयोगातून. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था तमिळनाडूत ऊटी येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर, ‘ग्रेप्स-३’ हा प्रयोग चालवते. त्यात जपानी शास्त्रज्ञही सहभागी आहेत. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचा अभ्यास हा त्याचा मूळ हेतू.

हे किरण म्हणजे मुख्यतः अतिवेगवान प्रोटॉन. ते हवेतल्या अणूंवर आदळले की नव्या कणांचा सडा पडतो. त्यातलाच एक म्युऑन. तो इलेक्ट्रॉनचाच भाऊबंद, पण वजनाने सुमारे २०७ पट. हे वाचत असताना तुमच्या तळहातातून मिनिटाला साधारण शंभर म्युऑन आरपार जात आहेत. घाबरण्याचे कारण नाही. निसर्गतः असलेल्या किरणोत्साराचाच हा भाग आहे आणि माणूस कायम त्यातच जगत आला आहे.

म्युऑनवर विद्युतभार असतो, काहींवर धन तर काहींवर ऋण. वादळी ढगातून जाताना तिथले विद्युतक्षेत्र एका प्रकारच्या म्युऑनला पुढे ढकलते, तर दुसऱ्याला मागे खेचते. दोन्ही सारखेच असते तर हिशेब बराचसा फिटला असता. पण धन म्युऑन संख्येने जास्त असतात. त्यामुळे जमिनीवर पोहोचणाऱ्या एकूण म्युऑनच्या मोजणीत किंचित फरक पडतो. ऊटीची दुर्बीण दिवसाला सुमारे ४०० कोटी म्युऑन मोजते, म्हणून एवढासा फरकही तिच्या नजरेतून सुटत नाही.

१ डिसेंबर २०१४ रोजी ऊटीवर आलेल्या एका वादळात म्युऑनची संख्या १८ मिनिटे घटली. घट जेमतेम दोन टक्क्यांची होती. त्यावरून गणित मांडले तेव्हा ढगातला विद्युतदाब निघाला सुमारे १३० कोटी व्होल्ट, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या ५६ लाख पटींहून अधिक. सुनील गुप्ता यांच्या नेतृत्वाखालील चमूने हे संशोधन मार्च २०१९मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. विल्सन यांच्या अंदाजाला सुमारे नव्वद वर्षांनी आधार मिळाला.

या मोजणीतून उद्या वीज कुठे पडेल हे कळत नाही. त्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप आहे. तुमच्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या टापूत विजा होत असतील तर ते सावध करते. मात्र १३० कोटींचा हा आकडा एक गोष्ट डोक्यात पक्की बसवतो. एवढ्या दाबाला ‘पायाळू’ माणूस ओळखता येत नाही. वीज पायाळूवरच पडते ही समजूत खोटी आहे. मोकळ्या रानात उंच असलेली वस्तू ती गाठते, मग ते झाड असो की उभा माणूस.

म्हणून गडगडाट ऐकू येताच काम थांबवावे आणि पक्के घर किंवा बंद मोटार गाठावी. उघडे पत्र्याचे शेड किंवा एकटे झाड हा आडोसा नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. आसरा नसेलच, तर झाडे, तारा आणि पाण्यापासून लांब, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे झोपू नये.

वीज पडलेल्या माणसाला हात लावायला लोक कचरतात. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. १०८ला फोन करावा. श्वास आणि नाडी थांबली असेल, तर छातीच्या मधोमध जोराने व भरभर दाब देत राहावे. शेणात किंवा मातीत पुरण्यात वेळ घालवू नये. त्या काही मिनिटांत बंद पडलेले हृदय पुन्हा चालू होऊ शकते.

गंजी भिजली तर नुकसान होते, पण ते पुढच्या हंगामात भरून काढता येते.