टॅबलेटची पारख

२०२३ सालीं निघालेला सॅमसंगचा ‘गॅलक्सी टॅब एस ९ अल्ट्रा’ हा अँड्रॉइड टॅबलेट मुलांस घ्यावा काय, असें पालक विचारतात. त्याचा पडदा १४.६ इंची, चित्र सेकंदास १२० वेळां नवें होऊं शकतें, म्हणून धांवता खेळ सलग दिसतो. लेखणी सोबतच मिळते. आकृत्या काढण्यास ती सोयीची. परंतु वजन ७३२ ग्रॅम. हातीं धरून वाचतां मनगट शिणतें. शिवाय मोठ्या खेळांत यंत्र तापतें व बॅटरी लवकर सरते. सबब ज्या घरीं मुख्यतः वाचन-लेखन व्हावयाचें, तेथें ११ इंची, ४९८ ग्रॅमचा धाकटा ‘एस ९’ पुरे, असें आम्हांस वाटतें. मुलांनो, पडदा सेकंदाचे १२० भाग करतो. दिवसाच्या तासांचा हिशेब मात्र तुम्हांसच द्यावयाचा आहे.