साखर, शर्करा आणि गोडी : एका भेदाचा विचार

निफाड-दिंडोरी परिसरातील द्राक्षबागाईतदार घड उतरविण्यापूर्वी मण्याचा रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टिपतो आणि ‘ब्रिक्स’ किती भरले ते वाचतो. आकडा मनाजोगता आला की ‘मण्यात साखर उतरली’ असे म्हटले जाते. या साध्या वाक्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एक तर द्राक्षातील ही ‘साखर’ म्हणजे उसापासून होणारी साखर नव्हे. पक्व द्राक्षात ग्लुकोज व फ्रुक्टोज ही द्रव्ये जवळजवळ समप्रमाणात असतात आणि उसातील सुक्रोज नगण्य असते. दुसरे असे की, ते यंत्र गोडी मोजतच नाही. रसात विरघळलेल्या द्रव्यांमुळे प्रकाशकिरण किती वळतो एवढेच ते दाखविते. गोडीचा निर्वाळा अखेर जीभच देते. साखर हा पदार्थ आहे आणि गोडी ही संवेदना आहे. व्यवहारभाषा हा भेद सहसा पाळीत नाही. साखरेच्या पर्यायांवरील सर्व संशोधन मात्र या भेदावरच उभे आहे.

या सरमिसळीला शब्दांचा इतिहासही कारणीभूत आहे. संस्कृतातील ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ खडा किंवा वाळूचा कण असा होता. कणीदार रूपावरून तो उसापासून केलेल्या पदार्थास लागू झाला, आणि प्राकृतातून मराठीत ‘साखर’ म्हणून उतरला. तोच शब्द फारसी व अरबी या भाषांतून युरोपात पोचला. इंग्रजीतील ‘शुगर’ हे त्याचेच दूरचे रूप होय. लॅटिनमधील ‘सॅकरम’ हाही त्याच कुळातील शब्द असून, त्यावरून ‘सॅकरिन’ हे नाव घडविण्यात आले. पण सॅकरिनमध्ये साखरेचा अंशही नाही. ते कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या द्रव्यांच्या अभ्यासातून हाती आले. अर्थात नाव साखरेचे, गोडी साखरेच्या सुमारे तीनशे पट आणि द्रव्य सर्वस्वी परके, अशी ही स्थिती आहे.

विशेष हे की, अशी बहुतेक द्रव्ये कोणी शोधावयास गेले नव्हते. १८७९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या फाल्बर्ग यांना जेवताना स्वतःच्या हातांना लागलेली गोडी जाणवली, आणि सॅकरिनचा शोध लागला. १९३७ मध्ये स्वेडा हे ज्वरनाशक औषधावर काम करीत असता त्यांच्या सिगारेटला गोडी लागली. ते द्रव्य सायक्लामेट होते. १९६५ मध्ये श्लॅटर हे जठरव्रणावरील औषधाच्या शोधात होते. कागद उचलण्यासाठी त्यांनी बोट जिभेला लावले आणि त्यातून अ‍ॅस्पार्टेम उजेडात आले. तीनही प्रसंगी गोडीची पहिली वार्ता जिभेने दिली. रेणूची रचना पाहून तो गोड लागेल की नाही हे निश्चयाने सांगण्याइतके ज्ञान त्या काळी उपलब्ध नव्हते.

याच परंपरेतील चौथी घटना भाषाभ्यासकाच्या विशेष आस्थेची आहे. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्राध्यापक लेस्ली हफ यांच्याबरोबर शशिकांत फडणीस हे संशोधन करीत होते. टेट अँड लाइल या साखरव्यवसायातील संस्थेचा या कामात सहभाग होता, आणि सुक्रोजपासून बनविलेल्या द्रव्यांचे नवे उपयोग शोधणे हा त्याचा हेतू होता. प्रचलित वृत्तांत असा की, क्लोरीनयुक्त शर्करेचे एक द्रव्य ‘तपासा’ असे फडणीसांना सांगण्यात आले आणि त्यांनी ते ‘चाखा’ असे ऐकले. त्यांनी ते चाखले; ते विलक्षण गोड निघाले. आज ते सुक्रॅलोज या नावाने सर्वत्र परिचित आहे. कॅनडाने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९८ मध्ये त्याच्या वापरास संमती दिली.

इंग्रजीतील या दोन शब्दांत अंतर केवळ स्वराचे आहे. ‘तपासणे’ या अर्थाच्या शब्दातील स्वर आखूड व स्थिर आहे. ‘चाखणे’ या अर्थाच्या शब्दातील स्वर ‘ए’कडून ‘इ’कडे सरकतो. मराठीच्या स्वरव्यवस्थेत या दोहोंसाठी ‘ए’ हे एकच स्थान आहे. म्हणून ‘रक्ताची टेस्ट’ आणि ‘आमटीची टेस्ट’ या दोन प्रयोगांत मराठी माणसाचा उच्चार एक आणि लेखनही एकच. गंमत अशी की, इंग्रजीतील चववाचक शब्द ज्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आला त्याचा अर्थही चाचपून पाहणे, अजमावणे असाच होता.

जिभेने ओळखलेली ही गोडी शरीरात साखरेचे काम का करीत नाही, याचे उत्तर रेणूच्या रचनेत आहे. सुक्रोजच्या रेणूतील तीन हायड्रॉक्सिल गटांच्या जागी क्लोरीनचे तीन अणू येतात तेव्हा सुक्रॅलोज बनते. जिभेवरील चवपेशींच्या पृष्ठभागावर दोन प्रथिनांची एक जोडी गोडीची ग्राहक असते. २००१ च्या सुमारास तिची ओळख पटली. सुक्रॅलोज या ग्राहकास साखरेहून अधिक घट्ट बिलगते. त्यामुळे त्याची गोडी सुमारे सहाशे पट भरते. पाच ग्रॅम साखरेच्या गोडीस त्याचे आठ-नऊ मिलिग्रॅम पुरतात. परंतु आतड्यातील जे विकर सुक्रोजचे विघटन करते त्याला हा बदललेला रेणू तोडता येत नाही, आणि त्याचा बहुतांश भाग शोषला न जाता शरीराबाहेर पडतो. जीभ ज्याला साखर समजते त्याला आतडे साखर समजत नाही.

हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे. मराठीत आता ‘शुगर’ हा शब्द ‘साखर’ या शब्दाचा पर्याय राहिलेला नाही; ‘त्यांना शुगर आहे’ म्हणजे मधुमेह आहे, आणि ‘शुगर वाढली’ म्हणजे रक्तातील ग्लुकोज वाढले. उलट ‘साखर’ म्हणजे डब्यातील पांढरे दाणे. परिणामी ‘साखर वर्ज्य’ या सल्ल्याचा अर्थ अनेक घरांत ‘गूळ व मध चालेल’ असा घेतला जातो. गुळाचा मोठा भाग सुक्रोजच असतो आणि मधात मुख्यतः फ्रुक्टोज व ग्लुकोज असतात, ही वस्तुस्थिती शब्दाच्या आड दडते. त्याचप्रमाणे ‘शुगर फ्री’ हा वेष्टनावरील शब्द पदार्थाच्या घटकाविषयी असताना रोगापासून मुक्तीचे आश्वासन म्हणून वाचला जाण्याचा संभव असतो. अशा मिठाईतील मैदा, खवा व तूप तसेच राहतात.

शास्त्राच्या परिभाषेतही असाच सावधपणा हवा. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून साखरेतर गोडीद्रव्ये वापरू नयेत असा सशर्त सल्ला दिला; आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो लागू केला नाही. जुलै २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेमचा समावेश ‘संभाव्य कर्ककारक’ या गटात झाला. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञसमितीने शरीरभाराच्या दर किलोग्रॅममागे रोज ४० मिलिग्रॅम ही मर्यादा कायम ठेवली. या दोन निर्णयांत विसंगती नाही. पहिला पुराव्याच्या बळाविषयी आहे, दुसरा सेवनाच्या मात्रेविषयी.

यास्तव ‘कृत्रिम साखर’ ही रूढ संज्ञा टाकून ‘गोडीद्रव्य’ अशी संज्ञा योजणे युक्त ठरेल. ‘साखर’ हा शब्द उसाच्या साखरेसाठी, ‘शर्करा’ हा ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज आदी वर्गासाठी आणि ‘गोडी’ हा केवळ संवेदनेसाठी राखून ठेवल्यास रुग्णाला दिलेला सल्ला, वेष्टनावरील मजकूर आणि संशोधनाचा निष्कर्ष हे तिन्ही एकाच अर्थाने वाचले जातील.