तिकिटाचा दुसरा भाग

थीम पार्कच्या सहलीचा हिशेब बहुतेक घरांत तिकिटापासून सुरू होतो आणि गाडीच्या पेट्रोलपाशी संपतो. नाशिकच्या कुटुंबासमोर पर्याय तसे मोजकेच आहेत. शहराजवळचं शुभम वॉटर वर्ल्ड, सिन्नरमार्गे नव्वदेक किलोमीटरवर शिर्डीचं वेट एन जॉय आणि तिथलंच साई तीर्थ, किंवा पहाटे उठून कसारा घाट उतरायची तयारी असेल तर खोपोलीजवळचं इमॅजिका. कुठलं तिकीट स्वस्त, मधल्या वारी गेलं तर काही सूट मिळते का, किती उंचीपर्यंतच्या मुलाचं तिकीट अर्धं, याची चौकशी आठवडाभर चालते. खाण्यापिण्याचं मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’. सहलीतलं सगळ्यांत महाग वाक्य बहुधा हेच असावं. उद्यानातलं खाणं हा तिकिटाचाच दुसरा भाग आहे. फरक इतकाच की पहिला भाग फाटकावर एकदम घेतात आणि दुसरा दिवसभरात, भूक लागेल तसा. तो कमी करायचा तर घासाघीस काउंटरपाशी करून उपयोग नाही. त्याचा निर्णय फाटकाच्या बाहेर असतानाच व्हायला हवा.

किमतीच्या या दोन भागांचा अर्थशास्त्रज्ञांनी बराच विचार केला आहे, आणि गंमत म्हणजे त्यांनी उदाहरण घेतलं ते थीम पार्कचंच. कॅलिफोर्नियात १९५५ साली डिस्नेलँड सुरू झालं. तिथे सुरुवातीच्या काळात प्रवेशाचे पैसे वेगळे आणि प्रत्येक राइडचे वेगळे, त्यासाठी तिकिटांची पुस्तकं मिळत. वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये यावर एक गाजलेला लेख लिहिला. त्याचा प्रश्न साधा होता. ज्याच्या हातात अशी एकमेव जागा आहे, त्याने पैसे दारात घ्यावेत की आत? डिस्नेलँडने १९८२ मध्ये राइडची पुस्तकं बंद केली आणि एका तिकिटात सगळ्या राइड दिल्या. आज आपल्याकडची उद्यानंही बहुतांशी याच पद्धतीने चालतात. एकदा आत गेलं की झोके, घसरगुंड्या, लाटांचा तलाव हवा तितका वेळ. दर वेळी पैसे मोजून घ्यायचं उरतं ते मुख्यतः खाणं, पाणी आणि लॉकर. यात कोणी लबाडी करतं असं नाही, व्यवसायाची रचनाच तशी आहे. पण रचना कळली की ‘एवढा महाग वडा?’ हा संताप निरर्थक ठरतो. त्या किमतीत वड्याबरोबर घसरगुंडीच्या पंपाचं वीजबिलही आहे.

उद्यानवाल्यांची बाजू इथे ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. वॉटर पार्कचा खरा हंगाम उन्हाळ्याचे जेमतेम काही महिने. पाणी गाळण्याची यंत्रणा, जीवरक्षक, देखभाल यांचा खर्च मात्र बारमाही. पावसाळ्यातल्या मंगळवारी किती माणसं येतील याचा नेम नाही, तरी स्वयंपाकघर चालू ठेवावं लागतं. शिवाय खाणं स्वस्त करायला लावलं तर तिकीट वाढेल, हाही मुद्दा बरोबर आहे. स्पेनमधल्या सिनेमागृहांच्या आकड्यांवर रिकार्ड गिल आणि वेस्ली हार्टमन यांनी २००९ मध्ये असाच अभ्यास प्रसिद्ध केला. पॉपकॉर्न महाग ठेवलं की तिकीट तुलनेने स्वस्त ठेवता येतं, आणि ज्याला सिनेमा फारच प्रिय आहे त्याच्याकडून जास्तीचे पैसे खाण्याच्या वाटेने येतात, या समजुतीला त्यातून पुष्टी मिळाली. म्हणजे आत काही न खाणाऱ्याच्या स्वस्त तिकिटाचा थोडा भार खाणारा उचलतो. कमी पैशांत आलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने ही रचना वाईट नाही. अट एकच, आपण कुठल्या बाजूला आहोत हे त्या कुटुंबाला आत शिरण्याआधी माहीत असलं पाहिजे.

मात्र ‘खर्चच तेवढा येतो’ हे कारण संपूर्ण खरं मानता येत नाही. माणूस जिथे अडकलेला असतो अशा इतर जागांकडे पाहिलं की ते लक्षात येतं. रेल्वेच्या फलाटावरचा प्रवासीही अडकलेलाच असतो, तरी तिथे ‘रेल नीर’ची एक लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना मिळते. जनरल डब्याच्या प्रवाशांसाठी २०२३ मध्ये रेल्वेने २० रुपयांत पुरी-भाजी द्यायला सुरुवात केली. विमानतळ तर महाग चहाचं आगरच. तिथेही डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला ‘उडान यात्री कॅफे’ उघडला आणि चहा १० रुपयांना मिळू लागला. ही सगळी सरकारी यंत्रणा आहे, खासगी उद्यानाला असं बंधन नाही आणि घालूही नये, हे मान्य. पण अडकलेल्या गिऱ्हाइकाला किती दर लावायचा हे मालकाच्या धोरणावर ठरतं, इतकं यातून नक्की दिसतं. आपल्या भागात स्पर्धाही फारशी नाही. इमॅजिका २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने घेतलं आणि २०२४ मध्ये त्यांचीच शिर्डी-लोणावळ्याची उद्यानं इमॅजिकाच्या कंपनीखाली आली. त्यामुळे शिर्डी महाग वाटली म्हणून खोपोलीला गेलं, तरी पैसे एकाच गल्ल्यात पडतात.

मग घरचा डबा आत नेण्याचा हक्क का नाही? महाराष्ट्रात याबद्दल मोठा गैरसमज आहे आणि तो पसरण्याला कारणही आहे. जुलै २०१८ मध्ये राज्य सरकारने विधिमंडळात सांगितलं की मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे पदार्थ नेण्यावर बंदी नाही. पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात सरकारचा सूर वेगळा होता, पण लोकांच्या लक्षात राहिली ती पहिली बातमी. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी जम्मू-काश्मीरच्या प्रकरणात हा वाद मिटवला. सिनेमागृह ही खासगी जागा आहे, आत काय आणू द्यायचं हे मालक ठरवू शकतो. मात्र पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत मिळालं पाहिजे आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता कामा नये, हेही त्याच वेळी नोंदलं गेलं. निकाल सिनेमागृहांपुरता असला तरी त्यातला तर्क थीम पार्कला सहज लागू पडतो. म्हणून फाटकावरच्या रखवालदाराशी पुऱ्यांच्या डब्यावरून हुज्जत घालणं व्यर्थ आहे. त्याच्या हातात काही नसतं आणि कायदा आपल्या बाजूने नसतो.

पाण्याची गोष्ट निराळी. तिथे आवाज चढवायला हरकत नाही, आणि बचतीचा सगळ्यांत मोठा वाटाही तिथेच आहे. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर पाण्यात असणाऱ्या माणसालाही घाम येतो, तो फक्त कळत नाही. तहान लागते ती जाहिरातीतल्या थंड बाटलीसमोर. तीनशे मिलिलिटर कोलामध्ये साधारण तीस ग्रॅम साखर असते. पाच-सहा चहांतली साखर पोटात जाते आणि तासाभरात पुन्हा तहान. म्हणून बुकिंग करतानाच दोन प्रश्न विचारावेत: आत मोफत पिण्याच्या पाण्याचे नळ कुठे आहेत आणि रिकामी बाटली नेऊ देता का? तिसरी गोष्ट बाटलीवरच्या छापील किमतीची. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१७ च्या निकालानुसार हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये टेबलावर बसून मागवलेलं पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने देता येतं, कारण तिथे सेवा आहे. मात्र नुसत्या स्टॉलवर, दुकानासारखं हातात दिलेलं बंद पाकीट किंवा बाटली यांना ती सबब नाही. एकाच मालावर दोन वेगवेगळ्या कमाल किमती छापायलाही १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. बिल घेऊन ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ असेल तर तो ऐच्छिक आहे. काढून टाका म्हटलं की काढावा लागतो.

जगात सगळीकडे डबा बंदच असतो, असंही नाही. अमेरिकेतल्या डिस्नेच्या उद्यानांत घरून आणलेलं खाणं नेता येतं, काचेच्या वस्तू आणि दारू तेवढी चालत नाही. टोकियोत आत नेता येत नाही, पण फाटकाबाहेर डबा खाण्यासाठी जागा राखून ठेवली आहे. सर्वांत बोलका प्रसंग शांघायचा. डिस्नेलँडमध्ये पिशव्या तपासून खाणं काढून घेतात म्हणून कायद्याच्या एका विद्यार्थिनीने २०१९ मध्ये दावा लावला. कंपनीने तडजोड केली, तिला ५० युआन भरपाई मिळाली आणि त्याच सप्टेंबरपासून बाहेरचं खाणं आत जाऊ लागलं. गरम करावे लागणारे किंवा उग्र वासाचे पदार्थ तेवढे वगळले. शांघायचं उद्यान त्याने बुडालं नाही. टोकियोची पद्धत तर आपल्याकडे उद्या सकाळी सुरू करता येईल. वाहनतळालगत चार झाडं, एक पत्र्याचं छप्पर, कचऱ्याचे डबे आणि मनगटावर शिक्का मारून पुन्हा आत सोडण्याची सोय. उद्यानाचा कचऱ्याचा आणि तेलकट हातांचा आक्षेप यात निकाली निघतो.

तोवर हातात उरते ती भुकेची वेळ. उद्यानातला दिवस साधारण सकाळी दहाचा ते संध्याकाळी सहाचा. या आठ तासांत आत तीनदा खायचं की एकदा, यावर सगळं ठरतं. समजून घेण्यासाठी काही दर धरू. माणशी नाश्ता १५० रुपये, जेवण ३५०, संध्याकाळचं खाणं १५० आणि पाणी-थंड पेयं १५०. चौघांचे ३,२०० रुपये झाले. आता नाश्ता बाहेर केला, आत फक्त दुपारचं जेवण आणि प्रत्येकी १०० रुपयांचं एक आइस्क्रीम घेतलं, पाणी नळाचं प्यायलं आणि संध्याकाळची भूक गाडीतल्या डब्यावर भागवली, तर आतला खर्च १,८०० वर येतो. बाहेरच्या नाश्त्याचे ४०० धरले तरी हजार रुपये वाचले, आणि मुलांचं आइस्क्रीम कुठे हुकलं नाही. नाशिककरांना बाहेरच्या नाश्त्याचा प्रश्न पडूच नये. मटकीची मिसळ, दही, पाव हा दुपारी दीडपर्यंत टिकणारा ऐवज आहे. तर्री मात्र त्या दिवशी बेताने घ्यावी, कारण उलट्या फिरणाऱ्या राइडला पोटातली झणझणीत मिसळ आवडत नाही. गाडीतला डबा कोरडा हवा: दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, मनुका. बंद गाडीत उन्हात ठेवलेला मसालेभात किंवा दहीभात संध्याकाळी खाणं धोक्याचं. घरचं म्हणून ते सुरक्षित ठरत नाही, शिजवलेला भात उष्म्यात वेगाने बिघडतो.

आत घ्यायचं ते एक जेवणही विचाराने घ्यावं. वेळ हाही खर्चच आहे. आठ तासांसाठी १,२०० रुपयांचं तिकीट असेल तर माणशी तास दीडशेला पडतो. दीड वाजताच्या गर्दीत चौघं तासभर ताटकळले तर सहाशे रुपये रांगेत गेले. पावणेबाराला किंवा अडीचनंतर जेवणारा दोन रांगा टाळतो, जेवणाची आणि इतर जेवायला गेल्याने रिकाम्या झालेल्या राइडची. जेवणासकट मिळणाऱ्या तिकिटाचा मोह मात्र तपासून घ्यावा. भरपूर जेवणाऱ्या कॉलेजवयीन मुलांना ते परवडतं. सहा वर्षांच्या मुलीसाठी आणि मधुमेही आजोबांसाठी तेच पैसे भरणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटाचं बिल देणं. शिर्डीच्या बाबतीत हमखास निघणारा विषय म्हणजे साई संस्थानचं प्रसादालय. तिथे जेवण मोफत आहे आणि २००९ पासून सौर तबकड्यांच्या वाफेवर तिथे अन्न शिजतं, हे खरंच पाहण्यासारखं आहे. दर्शनाला जाणाऱ्याने तिथे जरूर जेवावं. पण भाविकांच्या देणग्यांवर चालणारं अन्नदान हे वॉटर पार्कचं स्वस्त उपाहारगृह नाही, आणि बचतीच्या यादीत त्याचं नाव येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो घरातूनच येतो. वर्षातून एकदा जायचं, तिथेही पैचा हिशेब कशाला? चंगळ करायचीच तर ती ठरवून केलेली बरी. दर दीड तासाने मुलाला ‘नाही’ म्हणत राहण्यापेक्षा सकाळीच प्रत्येकाच्या नावाने एक रक्कम ठरवली आणि ती त्याच्या हाती दिली, तर दिवसभराची कुरकुर संपते. दहा वर्षांचा मुलगाही आइस्क्रीम की कणीस याचा निवाडा गंभीरपणे करतो. आणि ज्या घराने तिकिटासाठी तीन महिने पैसे साठवले आहेत, त्याच्यासाठी वाचलेले हजार रुपये म्हणजे बहुधा पुढच्या सहलीच्या एका तिकिटाची बेगमी असते. उद्यानांकडे मागणी करायची तर ती फार मोठी नाही. संकेतस्थळावर जिथे तिकिटाचा दर आहे, त्याच्याच शेजारी थाळी, वडापाव आणि पाण्याच्या बाटलीचा दर छापावा, आणि पाण्याचे नळ नकाशात दाखवावेत. शाळांच्या सहली ठरवणाऱ्या नाशिकच्या मुख्याध्यापकांनी बुकिंगपूर्वी लेखी उत्तर मागितलं, तर ते दर एका हंगामात छापले जातील, कारण दोनशे मुलांच्या बसगाड्या परत पाठवणं कुठल्याही उद्यानाला परवडणारं नाही.